घरटी एक मूठ वाल

परत आल्यावर धाकट्या बहिणीनं पहिला प्रश्न विचारला, "कोंडाण्याची लेणी पाहिलीस ना गं?" नाही पाहिली. "मग राजमाचीला तरी गेलीस?" नाही गेले. खालून डोंगर दिसत होता, तेवढाच पाहिला. "अगं, मग एवढं कर्जतला जाऊन केलंस काय?" असं म्हणून तिनं कपाळाला हात लावला. केलं काय म्हणजे? वालाच्या शेंगा खाल्ल्या, वाडीतल्या बायकांना मोबाइलवर आवाज कापायला शिकवला आणि दोन जावांच्या मधे जाऊन बसले. बहिणीच्या मते याला प्रवास म्हणत नाहीत. तिला म्हणू दे काय म्हणायचं ते. ज्यांनी तिकडचा भाग पाहिला नाही, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे.

खोपोली ते भिसेगाव

मी मूळची बार्शीची. नोकरी रेडिओच्या स्टुडिओत झाली. बोलणारे लोक वेगळे, मी काचेपलीकडची, त्यांचे खोकले आणि अडखळणं कापून टाकणारी. निवृत्त होऊन गावी परतले तरी कान काही निवृत्त होत नाहीत. देवळातला लाऊडस्पीकर फाटका वाजला तरी माझं डोकं उठतं. हे माझ्या मैत्रिणीला, शरयूला, पक्कं ठाऊक. ती कर्जतजवळ भिसेगावात राहते, शाळेत मास्तरीण होती. थंडीत तिचा फोन आला. "डोंगराखालच्या ठाकरवाडीतल्या बायका मोबाइलवर आपल्या वाडीच्या बातम्या काढतात. बोलतात फार छान, पण आवाज असा येतो की जणू सगळ्या पिंपात बसल्यात. तू येतेस का?" पिंप म्हटल्यावर मी बॅग भरली.

खोपोलीला एसटीतून उतरले आणि घाटाखालच्या दमट हवेनं पहिल्यांदा घाम काढला. माघाचा महिना, आमच्याकडे अजून सकाळी शाल लागते. टमटममध्ये माझ्या शेजारी रसायनीच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला एक माणूस बसला होता. तो झोपेत माझ्या खांद्यावर मान टाकून थेट कर्जतपर्यंत आला. उठवायला मन होईना. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फार्महाउसच्या भिंती. भिंतीवरून बोगनवेल डोकावते, आत काय चाललंय ते दिसत नाही. भिंत संपली की भाताच्या कापलेल्या खाचरांत हिरवागार वाल. भात निघाल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर हे पीक येतं, वरून पाणी द्यावं लागत नाही. ज्वारीच्या रानात वाढलेल्या मला त्याचं भारी कौतुक वाटलं.

शरयूनं पहिल्याच जेवणात तांदळाची भाकरी आणि कडव्या वालाचं बिरडं वाढलं. भाकरी इतकी मऊ, की मी म्हटलं, "हिला चावायचं काय? आमची भाकरी कशी, कडकन मोडते!" ती म्हणाली, "उद्यापासून वाडीवर नाचणीची खा, मग मोडत बस."

वाडी

वाडीचं नाव मी लिहिणार नाही. वाडीनंच तसं बजावलंय, कारण नाव छापून आलं की शनिवार-रविवारी गाड्या येतात आणि बाटल्या टाकून जातात. कोंडाण्याच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत, साखळीसारखी लागून घरं आहेत एवढं पुरे. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेली अंगणं, आणि आमच्या गावात बघायला मिळणार नाही अशी गोष्ट म्हणजे घराघरांमधे कुंपण नाही. कोंबडी कुणाच्या अंगणात अंडं घालते त्यावरून मात्र रोज वाद.

मंजुळा ही इथली पुढारीण, माझा मुक्काम तिच्याच घरी. चाळिशीची, शिडशिडीत, हसली की आधी डोळे हसतात. तिनं बायकांचा गट बांधलाय. थंडीत हा गट फार्महाउसवर येणाऱ्या पाहुण्यांना पोपटी करून घालतो. पोपटी म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. आमच्याकडे जसा हुरडा, तशी इकडे पोपटी. मोबाइलवरच्या बातम्या हेही मंजुळेच्याच डोक्यातून निघालेलं. आठवड्याला एकदा 'वाडीची खबर'. वाचायची पाळी घरटी फिरते. आणि आता तिसरं खूळ, ती ग्रामपंचायतीला उभी राहिली होती. कुठल्याच पॅनलची नाही, एकटी, अपक्ष.

"काय आहे बाय," ती मला चुलीपुढे समजावत होती, "आमच्या वार्डात आदिवासी बाईची जागा हाय. दर टायमाला खालच्या गावाचं पॅनल आमच्यातलीच एक बाई उभी करतं. ती निवडून येते, सही करते, च्या पिऊन घरी येते. नळाची लाइन फार्महाउसच्या गेटापर्यंत आली, पुढं आलीच नाय. आमी अजून हिरीवर जातो."

"मग या खेपेला पॅनलनं कुणाला उभं केलंय?" मी विचारलं.

ती भाकरी उलटत राहिली. मग भिंतीकडे मान करून म्हणाली, "सखूला. माझी जाव."

भिंतीपलीकडे सखूचं घर. मधे एक कूड, त्याला हाताएवढं भोक, त्यातून दोघी रोज मीठ-मिरची देत-घेत आलेल्या. सखूचा नवरा किसन पॅनलच्या शेठचा टेंपो चालवतो. शेठनं सांगितलं, किसननं घरी सांगितलं, सखू उभी राहिली. भोकात आता चिंधी कोंबली होती, आणि ती पलीकडून कोंबलेली होती.

"निवडून नाय आले तरी चालंल," मंजुळा म्हणाली. "पन सखू बोलंना झाली तर मी कुठं जाऊ? लग्न होऊन आले तेव्हापासून तीच हाय मला." असं म्हणून तिनं डोळे पुसले आणि धुरावर खापर फोडलं. मी पण धुराचंच निमित्त केलं.

कर्जतच्या बाजारातल्या शेंगा

दुसऱ्या दिवशी आवाजाचा वर्ग भरला. घोंगडी पांघरून बोलायचं, कोंबड्यांना आधी हाकलायचं, मोबाइल तोंडाला लावायचा नाही, असली साधीच शिकवण. बायका भराभर शिकल्या. एकमेकींचे खोकले कापताना हसून मुरकुंडी वळत होती. पण सगळ्यांचं लक्ष शेतांकडे. शेंगा भरल्या होत्या, शनिवारी एका फार्महाउसवर मोठी ऑर्डर होती, आणि कुणी एक शेंग तोडायला तयार नाही.

का? तर पहिलं मडकं लागलेलं नाही. या वाडीची रीत अशी, की हंगामाचं पहिलं मडकं सगळ्या वाडीचं. घरटी एक मूठ शेंगा त्यात पडायच्या. वाघोबाच्या, म्हणजे वाघदेवाच्या, दगडापुढे ते भाजायचं, सगळ्यांनी मिळून खायचं, मग प्रत्येकानं आपापलं शेत तोडायचं आणि विकायचं. एका घराची मूठ आली नाही तर जाळ लावायचा नाही. आणि सखूच्या घरून मूठ येत नव्हती.

मी पडले उतावळी. मनात म्हटलं, एका मुठीसाठी एवढ्या बायकांची ऑर्डर जाणार? दुपारी तडक टमटम पकडून कर्जतच्या बाजारात गेले आणि चांगल्या टपोऱ्या शेंगा पिशवी भरून घेऊन आले. विजयी मुद्रेनं मंजुळेच्या अंगणात पिशवी ओतली. "ही घ्या सखूची मूठ! लावा जाळ."

 धर्माआजा, म्हणजे वाघोबाची पूजा करणारा म्हातारा, शेंगांकडे बघत राहिला. मग बायका अशा काही हसायला लागल्या की एक तर ओट्यावरून खाली घसरली. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

धर्माआजा मात्र हसला नाही. माझ्याजवळ येऊन बसला. "पोरी," मला म्हणाला, साठी ओलांडलेल्या मला! "शेंगा कमी पडल्या म्हनून का आमी थांबलोय? मडक्याचं खाल्लं की शिमग्यापर्यंत वाडीत कुनी कुनाबद्दल वाकडं बोलायचं नाय. शिमग्याला काय ती बोंब मारा. तवर तोंड बंद. ते किसनला ठाव हाय. सखूनं मूठ टाकली तर मंजुळेच्या इरुद्ध प्रचार कसा करील ती?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मंजुळेलाही तीच अट. सखूबद्दल एक वाकडा शब्द काढायचा नाही. म्हणजे मूठ पडली तर दोघींची तोंडं बंद, नाही पडली तर ऑर्डर बुडाली आणि वाडी फुटली. माझ्या बाजारच्या शेंगांचं त्या रात्री कालवण झालं. चांगलं झालं होतं. पण वाढताना प्रत्येकीनं मला "बाय, ही घ्या सखूची मूठ" म्हणून वाढलं. फाजील कुठल्या!

सखूचा ओटा

खबर काढायचा दिवस आला. दोन्ही उमेदवारांचं बोलणं घ्यायचं ठरलं होतं. मंजुळा घोंगडीखाली बसून बोलली, नळाबद्दल, हिरीबद्दल. मग मी रेडिओवाली, सवयीनं खोचक प्रश्न टाकला, "सखूला मत का देऊ नये?" त्यावर ती जे बोलली ते मी कुठेही कापलं नाही. बोलून झाल्यावर घोंगडी बाजूला करून म्हणाली, "हे आधी सखूला ऐकवा. तिनं ऐकल्याबिगर वाडीला ऐकवू नका."

मी मोबाइल आणि कानाला लावायच्या वायरी घेऊन पलीकडच्या ओट्यावर गेले. सखू मंजुळेपेक्षा ठेंगणी, गोल चेहऱ्याची, बोलताना खाली बघणारी. ओट्यावर किसन कागद घेऊनच बसला होता. "हे वाचायचं हाय तिला," तो म्हणाला. छापील भाषण होतं, 'सर्वांगीण विकास' वगैरे. किसन माणूस वाईट नाही हो. मला खाट झाडून बसायला दिली, पाणी दिलं. पण डोळ्यांत सारखी धास्ती. तेवढ्यात खालून शेठचा फोन आला आणि टेंपो घेऊन तो गेला.

सखूनं कागद उलटा करून मांडीखाली ठेवला. पाटीत वाल सोलत बसली. मीही सोलायला घेतलं. पाटी अर्धी झाल्यावर विचारते कशी, "तिनं काय सांगितलं माझ्याबद्दल? निंदा केली आसंल ना?"

"तूच ऐक," मी म्हटलं आणि वायरी तिच्या कानांत घातल्या.

मला ते पाठ होतं. मंजुळा म्हणत होती, "सखूला मत का देऊ नये, हे मी कशी सांगू? माझा पोरगा तापानं फनफनला, मी माहेरी होते, तवा सखूनं त्याला खांद्यावर मारून कर्जतला दवाखान्यात नेला. चालत. सखू चांगली हाय. तिला मत दिलं तरी वाडीचं वाईट नाय व्हायचं. पन तिला तिच्या मनानं बोलू देनार नायत, म्हनून मला द्या. मला कुनी गप बस म्हननारा नाय."

सखूचे हात थांबले. "परत लावा," ती म्हणाली. परत लावलं. मग वायरी काढून तिनं त्या अगदी नीट गुंडाळल्या आणि माझ्या हातात दिल्या. "त्याला चालत नेला तेव्हा माझ्या पायात चप्पल पन नव्हती," म्हणाली. "ते नाय सांगितलं तिनं." आणि पदर तोंडात धरून रडायला लागली. मी काय करणार? माझ्या हाताला वालाचा चीक लागलेला. तशाच हातानं तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

"तुला काही बोलायचंय का यात?" मी शेवटी विचारलं.

"आज नको."

जाळ

शुक्रवार उजाडला. उद्या ऑर्डर. मंजुळेनं सकाळी फार्महाउसवाल्यांना नाही म्हणून कळवायला मोबाइल हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. मी म्हटलं, "संध्याकाळपर्यंत थांब." कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे.

ऊन कलायला लागलं तशी वाडी वाघोबाच्या दगडापाशी जमली. सवयीनं जमली, आशेनं नव्हे. धर्माआजानं मडकं धुऊन ठेवलं होतं. तळाला भांबुर्डीचा पाला पसरला होता. त्याचा ओव्यासारखा उग्र वास आला. एकेक घर येऊन मूठ टाकत होतं. मूठ टाकली की मागे वळून वाटेकडे बघायचं. मंजुळेनं टाकली आणि ती तर वळली ती वळलेलीच राहिली.

सखू आली. पदरात शेंगा, मागून किसन हातवारे करत. "अगं, शेठ काय म्हनंल? टेंपो जाईल माझा!"

सखू थांबली नाही, पण आवाज असा लागला की माझ्या कानांनी दाद दिली. "मी फारम मागं घेत नाय! उभी हाय ती हाय. पन शेंगा माझ्या घरच्या हायेत. शेठनं पेरल्या नायत." आणि ओंजळभर शेंगा मडक्यात पडल्या. मूठ नव्हे, ओंजळ. मंजुळा पुढे गेली. मिठी वगैरे काही नाही. सखूच्या पदराला लागलेला काटा काढला आणि म्हणाली, "उशीर केलास गं."

"भाकऱ्या कोन करनार होतं? तू?" सखू म्हणाली.

मडक्याचं तोंड पाल्यानं गच्च बंद करून ते उलटं घातलं, वर पेंढा आणि काटक्या रचल्या, जाळ लागला. किसन लांब दगडावर तोंड फिरवून बसला होता. शिजलं का हे कळायला मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारतात. चर्र झालं की काढायचं. तो आवाज मी नीट टिपून घेतला, तो माझ्याकडे अजून आहे. पानावर शेंगा ओतल्या, वाफ निघाली. पहिला वाटा वाघोबाचा, दुसरा मंजुळेनं नेला आणि किसनच्या शेजारी ठेवला. त्यानं तोंड इकडे वळवलं. मग एक शेंग उचलली. मी बार्शीची, हुरड्यात जन्म गेलेली, पण खरं सांगते, तसलं खमंग मी आजवर खाल्लं नव्हतं.

पुढचे दिवस मात्र बघण्यासारखे होते. ऑर्डर झोकात झाली आणि प्रचार सुरू झाला. आता कुणी कुणाविरुद्ध बोलायचं नाही, मग बोलायचं काय? दोघी जावा एकत्रच खालच्या गावात घरोघरी जायला लागल्या. मी मागून मोबाइल घेऊन. मंजुळा म्हणायची, "हिला द्या नायतर मला द्या." सखू म्हणायची, "पन जिला द्याल तिला नळाचं इचारा." खालच्या गावची एक म्हातारी वैतागून म्हणाली, "अगं बायांनो, तुमी भांडा तरी, म्हंजे मला ठरवता येईल!" पॅनलची माणसं मात्र तोंडं आंबट करून फिरत होती.

मतदानाआधी मला निघावं लागलं, बहिणीच्या घरी कार्य होतं. टमटमपर्यंत दोघी सोडायला आल्या. एकीनं वाल बांधून दिला, दुसरीनं नाचणीचं पीठ. मी रडले. निवृत्त बाईनं रडायला लाज कसली!

बार्शीत

निकालाचा फोन कुणी केला नाही. मी फोन करायची आणि रेंज नाही. शरयू पुण्याला लेकीकडे गेलेली. जीव नुसता टांगणीला. शेवटी एका सकाळी चहा गाळत होते आणि मोबाइलवर 'वाडीची खबर' आली. आवाज स्वच्छ, कोंबडी नाही, पिंप नाही. पाळी सखूच्या घराची होती.

"ऐका हो, वाडीची खबर. निवडनुकीचा निकाल लागला. मंजुळा आली. सखू पडली. सखू म्हंजे मीच." इथे मागे कुणीतरी फिसकन हसलं. "शेठनी टेंपो काढून घेतला. किसन आता रसायनीला कामाला जातो, पहाटे निघतो, भाकरी बांधून देते. वंगाळ वाटतं, पन जातो." मग एक श्वास. मी तो कापला असता का? मुळीच नाही. "आता मंजुळेला सगळ्यांच्या समोर सांगते. पुढच्या वालापर्यंत वाडीत नळ नाय आला, तर पुढच्या टायमाला मी परत उभी राहनार. आन तेव्हा मी मडक्यात मूठ टाकायची नाय. सांगून ठेवते."

आणि मागून, घोंगडीच्या बाहेरून, मंजुळेचा आवाज आला, "टाकशील गं. टाकशील."